गिऱ्हाईक कुठून येतं?

बी.कॉम.ला असताना आम्हाला गिऱ्हाईक अभ्यासाला होतं. 'ग्राहक हा बाजारपेठेचा राजा आहे' ह्या विधानाचं सोदाहरण स्पष्टीकरण करून मी दहापैकी सहा मार्क मिळवलेले आहेत. पण हा राजा राहतो कुठं, त्याची स्वारी निघते केव्हा आणि ती नेमकी आपल्याच दारावरून जावी म्हणून कोणता नवस बोलावा, ह्याबद्दल पुस्तक आणि प्राध्यापक दोघेही गप्प होते. पुढं बँकेत चिकटलो आणि प्रश्नच मिटला. बँकेतल्या कारकुनाला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. शटर वर जाण्याआधीच ते पायरीवर उभं असतं. आम्हाला जी विद्या लागते ती त्याला चार नंबरच्या काउंटरकडे पाठवण्याची.

तेव्हा माझ्या धाकट्या मेहुणीनं इंटरनेटवर हातच्या वस्तूंचं दुकान काढलं आणि महिन्याभरानं, "भावोजी, तुम्ही कॉमर्सचे ना? मग सांगा, गिऱ्हाईक कुठून येतं?" असं विचारलं, तेव्हा मी तोंडाला लावलेला चहाचा कप बराच वेळ खाली आणला नाही. दुकानात क्रोशाची तोरणं, पर्सेस आणि लोकरीचे हत्ती होते. माल उत्तम. महिन्याभरात दुकान पाहून गेलेल्यांची संख्या 46. त्यांत 19 वेळा ती स्वतःच, कुणी येऊन गेलं का ते पाहायला. उरलेल्यांत आमचं खानदान. विक्री एक. ती माझ्या बायकोनं केली आणि तो हत्ती सध्या आमच्या फ्रिजवर बसून माझ्याकडे थकबाकीदारासारखा बघत असतो.

आता बँकेतली एक सवय सांगतो. रक्कम जुळेना झाली की आम्ही मागं मागं जातो. आजचं पान, कालचं पान, मागचं लेजर. फरक कुठंतरी मागच्याच पानावर बसलेला असतो. त्याच सवयीनं मी गिऱ्हाइकाच्या मागं लागलो आणि मागं जाता जाता पार गावगाड्यापर्यंत पोचलो.

गावगाड्यात कारागिराला गिऱ्हाईक शोधावं लागतच नसे. सुतार, लोहार, कुंभार, चांभार ही बलुतेदार मंडळी. वर्षभर गावाची कामं करायची आणि सुगीला खळ्यावर जाऊन धान्याचा वाटा, म्हणजे बलुतं, उचलायचं. गिऱ्हाईक बापाकडून मुलाकडे वारसाहक्कानं यायचं, घर आणि ऐरण यांच्यासोबत. जाहिरात नाही, सूट नाही, दिवाळी धमाका नाही. ऐकायला सोन्याचे दिवस वाटतात. पण प्रत्येक करारात असतं तसं ह्याही करारात बारीक अक्षरातलं एक कलम होतं. गिऱ्हाईक जसं सुटत नसे तसा कारागीरही सुटत नसे. चांभाराच्या पोरानं चांभारच व्हायचं आणि त्याच्या चपलेची किंमत चप्पल घालणाऱ्यानं ठरवायची. त्यामुळं 'पूर्वी आपल्याकडे कारागिराला काय मान होता!' असं कुणी लग्नाच्या पंगतीत म्हणालं, की मी जिलबीकडे लक्ष देतो.

लग्नावरून आठवलं. मराठी मध्यमवर्गाचं हस्तकलेचं शोरूम म्हणजे रुखवत. मण्यांचं तोरण, पुठ्ठ्याचा बंगला, लोकरीचा कुत्रा, सुपारीचे भटजी, सगळं टेबलावर मांडलेलं. गर्दी हटत नाही. "कुणी केलं हो हे?" असं विचारलं की "मुलीच्या मावशीनं" असं उत्तर येतं आणि मावशी दोन पावलं पुढं सरकते. करणाऱ्याचं नाव जगजाहीर असतं, पण किंमत विचारायची छाती कुणाची होत नाही. कुणी विचारलीच, तर लग्न मोडायची पाळी. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं उपयोगी पडणार आहे.

विलायतेत ह्या विद्येचा मूळ पुरुष कोण, असं विचारलं तर मी जोसाया वेजवूड ह्या कुंभाराचं नाव घेईन. जन्म 1730, स्टॅफर्डशर परगण्यातल्या बर्स्लेम गावचा. लहानपणी देवी आल्या आणि उजवा गुडघा कायमचा अधू झाला. 1768 साली तो पाय कापावाच लागला. चाक पायानं फिरवणाऱ्या कुंभाराला हे मोठंच संकट, पण ह्या गृहस्थानं डोकं फिरवायला सुरुवात केली. कारखान्यात फिरताना न आवडलेली भांडी तो आपल्या लाकडी पायानं फोडायचा अशी आख्यायिका आहे. आमच्या एका मॅनेजरसाहेबांची व्हाउचरं परत फेकण्याची तऱ्हा साधारण अशीच होती, फक्त पाय दोन्ही शाबूत होते.

1765 साली वेजवूडनं शार्लट राणीसाठी फिकट पिवळसर चकाकीच्या भांड्यांचा चहाचा संच करून दिला. दुसरा कुंभार असता तर पैसे मोजून घरी गेला असता. ह्यानं पैशांबरोबर राणीचं नाव मागून घेतलं. स्वतःला 'राणीसाहेबांचा कुंभार' म्हणवून घ्यायची परवानगी मिळवली आणि त्या मातीला 'क्वीन्स वेअर' असं नाव देऊन टाकलं. भांडं तेच, भट्टी तीच. पण आता इंग्लंडातल्या प्रत्येक वकिलीणबाईला आणि डॉक्टरीणबाईला राणीच्या कपातून चहा प्यायची सोय झाली. आपल्याकडे 'ह्याच दुकानातून अमुक नटीनं पैठणी नेली' असा फोटो लावतात, त्याचा हा आजा-पणजा.

लंडनच्या दालनात तो मेजं जेवणासाठी मांडल्यासारखी मांडून ठेवी आणि दर थोड्या दिवसांनी मांडणी बदली. का, तर एकदा येऊन गेलेल्या बायकांना पुन्हा येण्यासाठी निमित्त हवं. माल पसंत नसेल तर परत घेऊ, ही हमी त्यानं दिली. पोचवण्याचा खर्चही आपल्या अंगावर घेतला. भांडी खड्ड्यांच्या रस्त्यावरून फुटत जातात म्हणून ट्रेंट आणि मर्सी ह्या नद्यांना जोडणारा कालवा व्हावा ह्यासाठी त्यानं खटपट केली आणि 1766 साली पहिली कुदळ स्वतः मारली. पार्सल फुटू नये म्हणून मेहुणी तीन-तीन जुने पेपर गुंडाळते. ह्यानं कालवा खणला. महत्त्वाकांक्षेत फरक असतो तो असा.

1771 साली ह्या माणसानं जे केलं ते वाचून मात्र माझ्यातल्या कारकुनाला घाम फुटला. जर्मन राजेरजवाडे आणि सरदार यांची यादी केली आणि कुणीही मागितलेली नसताना सुमारे 1,000 पार्सलं पाठवून दिली. प्रत्येकात 20 पौंडांचा माल. ठेवायचा तर पैसे पाठवा, नको तर परत करा. म्हणजे 20,000 पौंडांचं विनातारण कर्ज, जामीन नाही, अर्ज नाही, एक सही नाही. आमच्या बँकेत असा प्रस्ताव घेऊन कुणी आलं तर त्याला पाणीही न विचारता बाहेर काढतील. आणि गंमत अशी, की बहुतेकांनी पैसे पाठवले. थकबाकी सरदारांकडे राहत नाही असा ह्याचा अर्थ काढू नका. परत करायला नोकराला सांगावं लागतं, नोकर आळशी असतो आणि एव्हाना मडमेनं त्यात सूप ओतलेलं असतं.

दोनेक वर्षांनी रशियाच्या कॅथरिन राणीनं त्याच्याकडून साडेनऊशेच्या आसपास नगांचा जेवणाचा संच मागवला. प्रत्येक नगावर इंग्लंडातल्या खऱ्या जागेचं चित्र आणि वर एक हिरवा बेडूक, कारण ज्या महालासाठी हा संच होता तिथं बेडकांची दलदल होती. चित्रं हजारावर गेली. मिळाले सुमारे 2,700 पौंड आणि खर्च वजा जाता हाताला फारसं काही लागलं नाही. पण माल रशियाला पाठवण्याआधी वेजवूडनं तो 1774 साली लंडनच्या ग्रीक स्ट्रीटवरच्या दालनात मांडला आणि बघायला तिकिटं ठेवली. शार्लट राणीसुद्धा येऊन गेली. ज्यांच्या बंगल्यांची चित्रं ताटल्यांवर होती ते सरदार आपला बंगला कोणत्या ताटलीवर आहे ते शोधायला आले, आणि आल्यासारखे चार बशा घेऊन गेले. नफा बेडकात नव्हता, बेडूक बघायला येणाऱ्यांत होता.

हे सगळं मी मेहुणीला रंगवून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे मी हत्ती रशियाला पाठवू?"

तिचंही खरं आहे. वेजवूडपाशी एट्रुरिया नावाचा कारखाना होता, बेंटलीसारखा हुशार भागीदार होता. एकट्या बाईनं, घरातलं सगळं आवरून, दुपारच्या दोन तासांत केलेल्या वस्तूला गिऱ्हाईक कुठून आणायचं, ह्याचं उत्तर त्याच्यापाशी नाही. ते शोधायला अमेरिकेला जावं लागतं.

अमेरिकेत 1832 साली फिलाडेल्फियात काही बायकांनी एक दुकान काढलं. चांगल्या घरातल्या, पण दिवस फिरलेल्या बायकांनी घरी शिवलेलं, भरलेलं, विणलेलं काम तिथं आणून द्यायचं आणि ते विकलं जायचं. पुढं यादवी युद्ध झालं, घरोघरी विधवा झाल्या आणि ह्या गोष्टीची गरज शंभर पटींनी वाढली. कँडेस व्हीलर नावाच्या बाईंनी 1876 च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात इंग्लंडच्या बायकांचं भरतकाम पाहिलं आणि त्यांच्या डोक्यात चक्र सुरू झालं. त्यांनी आधी एक कलेची संस्था काढली. पण तिथं काम फार वरच्या दर्जाचं लागे. मग 1878 साली न्यूयॉर्कमध्ये बायकांच्या हातच्या कामाचं 'एक्स्चेंज' निघालं. तिथं भरतकाम चाले, मुलांचे कपडे चालत, मुरंबासुद्धा चाले. विक्रीतले दहा टक्के संस्थेला, बाकी बाईला. अशी एक्स्चेंजं मग शहरोशहरी निघाली.

ह्या दुकानांतली एक गोष्ट मला फार लागली. तिथं करणारीचं नाव वस्तूवर नसे. नंबर असे. समजा 214. कारण भल्या घरच्या बाईनं पैशासाठी काम करणं ही लाज होती. शेजारणीनं दुकानातून टेबलक्लॉथ विकत आणावा, तो आपल्या घरी चहाला पसरावा, आणि जिनं तो भरला ती समोर बसून "किती नाजूक काम आहे हो!" असं म्हणत चहा प्यावा. 214 नंबरनं तो चहा कसा गिळला असेल, ह्याचा विचार मी अधूनमधून करतो. आमच्याकडे खातेदारांना नंबरच असतात, पण ते चोरी होऊ नये म्हणून. रुखवतात नाव सांगतात आणि किंमत झाकतात. तिथं किंमत सांगत आणि नाव झाकत. दोन्हीकडे झाकपाक बाईलाच करायची.

न्यूयॉर्कचं ते एक्स्चेंज चाललं किती, तर सव्वाशे वर्षं. 2003 साली बंद झालं. आणि दोनच वर्षांनी, त्याच न्यूयॉर्कमध्ये, नदीपलीकडच्या ब्रुकलिनमधल्या एका घरात तीन पोरांनी कॉम्प्युटरवर तेच दुकान पुन्हा उघडलं. आपण काय उघडतोय हे त्यांना ठाऊक असेल असं मला वाटत नाही.

ह्या दुकानाचं नाव एट्सी. तारीख 18 जून 2005. म्होरक्या रॉब केलिन, सुतारकामाची आवड असलेला तरुण. लाकडाच्या खोक्यात बसवलेले कॉम्प्युटर तो करी आणि ते विकायला जागा सापडेना, म्हणून त्यानं जागाच काढली. जोडीला ख्रिस मग्वायर आणि हाइम शॉपिक. एट्सी ह्या शब्दाला अर्थ नसावा अशी केलिनची इच्छा होती. फेलिनीचा एक इटालियन सिनेमा बघताना तो त्याच्या कानांवर पडला म्हणे. पाटी लावण्याची फी 20 सेंट, चार महिन्यांसाठी. विकलं तर साडेतीन टक्के. एक्स्चेंजच्या बायका दहा घेत होत्या, हे तुम्ही विसरला नसाल.

आता, ह्या गल्लीत पहिलं गिऱ्हाईक कुठून आलं? मला वाटलं होतं, जाहिरातीतून. नाही. ते शेजारच्या गाळ्यातून आलं. साबण करणारीनं कानातली विकत घेतली, कानातली करणारीनं टोपी, टोपीवालीनं साबण. आमच्या स्टाफच्या भिशीसारखा प्रकार. पैसा फिरतो, वाढत नाही, पण सगळ्यांना श्रीमंत झाल्यासारखं वाटतं. भिशीला हसू नका. प्रत्येकीच्या दहा-वीस मैत्रिणी बाहेरच्या होत्या, त्या वस्तू बघून "कुठून घेतलंस?" म्हणाल्या, आणि गल्लीत पहिला परका माणूस शिरला. शिवाय ह्या मंडळींनी गावोगाव आपली पथकं केली आणि जत्रांतून चिठ्ठ्या वाटल्या.

एक रिवाज तर फार गोड होता. इतरांच्या दुकानांतल्या वस्तू निवडून त्यांची एक सुंदर पाटी सजवायची. चांगली जमली, तर ती साइटच्या पहिल्या पानावर झळके. सुरुवातीला अशा पाट्यांची संख्या ठरलेली असे आणि त्या मुदत संपली की उतरत. म्हणून जागा रिकामी होण्याची वाट बघत बायका रात्री जागत. स्वतःचा माल मांडायचा नाही, दुसरीचा मांडायचा. तिनं मग तुमचा मांडायचा. हळदीकुंकवाचं वाण असंच फिरतं.

आणि एक रिवाज अजिबात गोड नव्हता, पण कारकुनाला मनापासून पटणारा होता. शोधायला गेलं की जी वस्तू सर्वांत अलीकडे मांडली ती वर दिसे. मग काय, 20 सेंट भरायचे, तीच टोपी पुन्हा 'नवी' मांडायची, तासभर वर राहायचं, खाली घसरलं की पुन्हा 20 सेंट. जत्रेत रांगेच्या पुढं पुन्हा पुन्हा जाऊन उभं राहायचं आणि दर वेळी पुजाऱ्याच्या ताटात नाणं टाकायचं. टोपी विकली जावो न जावो, पुजारी खूश. 2011 साली कंपनीनं ही रांग मोडली. ज्यानं जे शब्द लिहून शोधलं, त्या शब्दांशी जुळेल ते वर.

इथून हस्तकलेत साहित्य शिरलं. एका वस्तूला 13 खुणेचे शब्द देता येत आणि नाव 140 अक्षरांपर्यंत लांबवता येई. साध्या टोपीचं नाव 'निळी टोपी' ठेवणारी बाई उपाशी राहू लागली आणि 'बाळाची निळी लोकरीची विणलेली टोपी थंडीसाठी बारशाची भेट मुलगा नातू' असं ठेवणारी जेवू लागली. कारण माणूस टोपी शोधत नाही. तो बारशाला काय न्यायचं ते शोधतो. ह्या एका वाक्यासाठी मी बी.कॉम.ची तीन वर्षं परत द्यायला तयार आहे. आमच्या मेहुणीच्या हत्तीचं नाव 'हत्ती' होतं. आम्ही रविवारी दुपारी बसून ते पाव पानाचं केलं, आणि खिडकीजवळच्या उजेडात त्याचा नवा फोटो काढला. पहिल्या फोटोत तो ट्यूबलाइटखाली कावीळ झाल्यासारखा दिसत होता.

हस्तकलेच्या दुकानात आता नंबर 214 चालत नाही, हेही ह्याच काळात ठरलं. गिऱ्हाइकाला बाईचं नाव हवं, चेहरा हवा, विणणाऱ्या हातांचा फोटो हवा, ती ह्या कामाकडे कशी वळली ती कहाणी हवी आणि शक्यतो खिडकीत मांजर हवं. पार्सलात हातानं लिहिलेली आभाराची चिठ्ठी हवी. 1878 च्या बाईला लपावं लागे, आजच्या बाईला दिसत राहावं लागतं. दोन्हींत श्रम सारखेच असावेत.

पुढली गोष्ट भराभर सांगतो, कारण ती सगळ्याच संस्थांची असते. 2013 साली नियम बदलला आणि बाहेरच्या कारखान्याकडून माल करून घेतला तरी, कंपनीची परवानगी असली की, तो गल्लीत बसू शकेल असं ठरलं. जुन्या बायका चिडल्या. एप्रिल 2015 मध्ये कंपनीचा शेअर 16 डॉलरला बाजारात आला आणि पहिल्याच संध्याकाळी 30 वर गेला. विकणारे तेव्हा 14 लाखांच्या घरात होते आणि त्यांतल्या 100 मागे 86 बायका. भागधारक आले की टक्केवारीला पाय फुटतात, हे सांगायला बँकवाला कशाला हवा? 2018 साली साडेतीनचे पाच टक्के झाले. 2020 साली कंपनीनं स्वतःच बाहेर जाहिराती द्यायला सुरुवात केली. त्या जाहिरातीवरून गिऱ्हाईक आलं तर छोट्या दुकानदाराकडून 15 टक्के. वर्षाला 10,000 डॉलरच्या वर ज्यांची विक्री, त्यांच्याकडून 12, पण त्यांना नको म्हणायची सोय नाही.

त्याच 2020 च्या एप्रिलमध्ये मात्र ह्या गल्लीनं जगाला उपयोगी पडून दाखवलं. अमेरिकेत मास्क लावा असं सरकारनं सांगितलं आणि दुकानांत मास्क नव्हते. शिवणयंत्रं होती ती बायकांकडे. त्या एका महिन्यात एट्सीवरून 1 कोटी 20 लाख मास्क विकले गेले, 13 कोटी 30 लाख डॉलरचे. गिऱ्हाईक कुठून येतं ह्याचं एक उत्तर, नाकातोंडाशी पाणी आलं की येतं.

2022 च्या एप्रिलमध्ये पाचाचे साडेसहा टक्के झाले आणि विकणाऱ्यांनी संप केला. 11 तारखेपासून आठवडाभर. संपाच्या बाबतीत आम्ही बँकवाले जुने जाणते, त्यामुळं मी हे प्रकरण आदरानं वाचलं. घोषणा नाहीत, फाटक नाही, फाटकापाशी चहाची टपरीसुद्धा नाही. हजारो बायकांनी आपापल्या घरात बसून दुकानावर 'सुट्टीवर आहे' अशी पाटी लावली. अर्जावर हजारो सह्या झाल्या. टक्के साडेसहाच राहिले.

मी एक हिशेब मांडून बघितला, त्यानंतरच्या अमेरिकेतल्या दरानं. 20 डॉलरची टोपी. मांडायचे 20 सेंट, साडेसहा टक्क्यांचे 1 डॉलर 30 सेंट, पैसे जमा करण्याचे तीन टक्के अधिक 25 सेंट म्हणजे 85 सेंट. उरले 17 डॉलर 65 सेंट. गिऱ्हाईक कंपनीच्या जाहिरातीवरून आलं असेल तर आणखी 3 डॉलर गेले. 14.65. लोकर 5 डॉलरची धरा, विणायला चार तास धरा. तासाला 2 डॉलर 41 सेंट. पोस्टेजवरही टक्केवारी लागते, ती मी दयेनं सोडून दिली. एकूण टाळेबंद जुळतो, फक्त विणणारी बाई कोणत्या रकान्यात बसवायची ते कळत नाही.

बरं, गल्ली सोडून जावं तर गिऱ्हाईक गल्लीचं, तुमचं नव्हे. बर्लिनमध्ये 2006 साली डावांडा नावाची अशीच गल्ली निघाली होती. जर्मन बायका तिथं बारा वर्षं सुखानं नांदल्या. 2018 च्या जूनअखेर मालकांनी कळवलं, 30 ऑगस्टला बंद करतोय, आपापला माल घेऊन एट्सीकडे जा. बारा वर्षं सांभाळलेलं गिऱ्हाईक दोन महिन्यांत दुसऱ्याच्या लेजरमध्ये गेलं. मेहुणीला मी एवढंच सांगितलं, की जो कुणी घेईल त्याला पार्सलातल्या चिठ्ठीवर तुझा स्वतःचा पत्ता लिहून देत जा. गल्ली बदलली तरी चिठ्ठी फ्रिजला चिकटलेली राहते.

आपल्याकडेही कारागिराला गिऱ्हाईक मिळवून देण्यासाठी माणसं झिजली आहेत. 1952 साली अखिल भारतीय हस्तकला मंडळ स्थापन झालं आणि कमलादेवी चट्टोपाध्याय त्याच्या अध्यक्ष झाल्या. बाई खेड्यापाड्यांतून फिरून कारागीर हुडकत. सावंतवाडीला लाकडी फळांची आणि खेळण्यांची अख्खी चितार आळी आहे. तिथले गंजिफा, म्हणजे हातानं रंगवलेले गोल पत्ते, नामशेष होत आलेले असताना शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी 1970 च्या सुमारास राजवाड्यातच कारागीर बसवून ते जगवले. लोक कोकणात आंबे खायला जातात आणि तिथून लाकडाचा आंबा घेऊन येतात, ही विक्रीकला मला वेजवूडच्या तोडीची वाटते.

पण अलीकडच्या काळातली सर्वांत मोठी जाहिरात आपल्या कोल्हापुरी चपलेची झाली, आणि ती करणाऱ्यानं चपलेचं नावसुद्धा घेतलं नव्हतं. 2025 च्या जूनमध्ये इटलीत मिलानला प्राडा ह्या बड्या कंपनीनं पुरुषांच्या फॅशनचा सोहळा केला. त्यात गोरे तरुण आपल्या कोल्हापुरीसारख्या चपला घालून चालले. माहितीपत्रकात लिहिलं होतं, चामड्याच्या सँडल्स. कोल्हापूर नाही, महाराष्ट्र नाही, भारतसुद्धा नाही. ह्या चपलेला 2019 सालीच महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांच्या नावानं भौगोलिक मानांकन मिळालेलं होतं. मग जो गहजब झाला तो तुम्हाला आठवत असेल. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सनं पत्र लिहिलं. कंपनीनं मान्य केलं, की प्रेरणा भारतीय चपलांची आहे. तिची माणसं जुलैत कोल्हापूरला येऊन पाहून गेली आणि डिसेंबरात दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. 2,000 जोड, किंमत सुमारे 800 युरो. म्हणजे ज्या जातीच्या माणसाच्या चपलेची किंमत गावात गिऱ्हाईक ठरवी, त्या चपलेची किंमत आता मिलान ठरवतं. आधी आकड्यांत शून्यं नव्हती, एवढाच फरक. शून्यं कुणाच्या खात्यात पडतात ते पाहायला मी उत्सुक आहे. माझा धंदाच तो आहे.

ह्या गोंधळात आपल्या महामंडळानं एक चांगली गोष्ट केली. जोडावर चौकोनी क्यूआर खूण. तिच्यावर मोबाइल धरला की चप्पल कुणी केली, कुठं केली, कशी केली, सगळं दिसतं. नाव आणि किंमत, दोन्ही एकाच तळाला.

आमच्या शाखेसमोर फूटपाथवर एक जण चपला घेऊन बसतो. परवा लंच टाइममध्ये मी त्याला हे सगळं सांगितलं. मिलान सांगितलं, 800 युरो सांगितले. म्हटलं, आता चपलेवर करणाऱ्याचं नाव येतंय, बघा. त्यानं एक जोड उचलला, उलटा केला आणि तळ माझ्यापुढं धरला.

"नाव ऱ्हाऊ द्या साहेब, नंबर बघा. आठ. तुम्हाला आठच लागतो न्हवं?"

मला आठच लागतो. घालून पाहिला, बरोबर बसला. मग आम्ही भावाकडे वळलो.